नवा कॅमशाफ्ट पंधरा दिवसांत का खाल्ला जातो?
जुन्या दमदार इंजिनांतील टॅपेट आणि ऑइलचा हिशेब

आमच्या ओळखीच्या एका मिस्त्रींनी एका जुन्या शेव्हरोले इम्पालाचे व्ही-८ इंजिन बांधले. ब्लॉक बोअर केला, पिस्टन, रिंगा, बेअरिंगे सर्व नवे घातले. कॅमशाफ्टही परदेशातून मागविलेला, कोरा. मालक हौशी, पैशाला मागे-पुढे पाहणारा नव्हता. गाडी सुरू झाली, मालक खूष होऊन घरी गेला आणि सोळाव्या दिवशी तीच गाडी टोचन करून परत दारात आली. टॅपेटचा खडखडाट, कार्ब्युरेटरमधून फटाके, चढावर दम नाही. इंजिन उघडले तेव्हा दोन लोब घासून जवळजवळ गोल झालेले होते, त्यांच्या टॅपेटच्या तळव्यांना वाटीसारखा खड्डा पडला होता आणि चेंबरमधल्या ऑइलमध्ये लोखंडाची राखाडी भुकटी चमकत होती.

पुढे काय झाले असेल ते वाचकांना सांगायला नको. मालक म्हणाला, काम कच्चे. मिस्त्री म्हणाले, पार्ट खोटा. पार्टवाला म्हणाला, फिटिंग चुकले. ऑइलवाल्याने शपथेवर सांगितले की आपण दुकानातले सर्वांत महागडे आणि सर्वांत नव्या ग्रेडचे ऑइल दिले होते, आणि ते खरेही होते. शेवटी भुर्दंड पडला तो मिस्त्रींना. मजुरी गेली, वर पदरचे पैसे गेले, आणि बाजारात नाव गेले ते वेगळेच.

या पानावर आम्ही हा विषय घेत आहोत याचे कारण हे की गॅरेज, लेथ, कॅम ग्राइंडिंग, सुटे भाग आणि ऑइलची विक्री या धंद्यांत आपल्या समाजाचे लोक मोठ्या संख्येने आहेत. आखाती देशांत अमेरिकन गाड्यांवर हात बसवून परतलेले कोकणी कारागीरही त्यांत आहेत. अँबेसेडर २०१४ मध्ये बंद झाली, मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये गेली. त्यामुळे जुनी इंजिने पूर्वीसारखी रोजची राहिली नाहीत. जी येतात ती शौकिनांची येतात, आणि शौकीन माणूस मजुरी चांगली देतो तसा हिशेबही पुरता मागतो.

लोबला ऑइल पोहोचते कसे?

अमेरिकन मिस्त्री ज्याला लिफ्टर म्हणतात त्याला आपल्याकडे टॅपेट म्हणतात. जुन्या इंजिनांत हा टॅपेट सपाट तळव्याचा असतो. कॅमशाफ्टचा लोब त्याच्या तळव्याखाली घासत फिरतो, टॅपेट वर जातो, पुशरॉड रॉकरला ढकलतो आणि व्हॉल्व्ह उघडतो. शेव्हरोलेचे छोट्या ब्लॉकचे व्ही-८ इंजिन १९५५ च्या मॉडेलपासून निघाले, ते याच पद्धतीचे. टॅपेटच्या तळाला रोलर बसविण्याची पद्धत त्या कंपनीच्या या इंजिनात १९८७ पासून आली. आपल्या अँबेसेडरचे १४८९ सीसीचे पेट्रोल इंजिन हेही सपाट टॅपेटचेच. ते बीएमसी कंपनीच्या ज्या घराण्यातले, त्याच घराण्याचे इंजिन इंग्लंडात १९५५ साली एमजीए या स्पोर्ट्स गाडीत बसले होते. म्हणजे आपला कारागीर ज्याला टॅक्सीचे इंजिन समजत आला, ते तिकडे शर्यतीच्या शौकिनांचे इंजिन होते. पद्मिनीचे १०८९ सीसीचे इंजिनही याच पंगतीतले.

आता मुख्य गोष्ट. क्रँकच्या बेअरिंगला पंपाचे ऑइल दाबाने मिळते. कॅमशाफ्टच्या बेअरिंगलाही मिळते. परंतु लोब आणि टॅपेटचा तळवा जेथे एकमेकांना घासतात तेथे दाबाची नळी नाही. तेथे जे ऑइल येते ते उडालेले किंवा ठिबकलेले असते. शेव्हरोलेमध्ये खाली फिरणाऱ्या क्रँकच्या आणि कनेक्टिंग रॉडच्या बाजूंनी ऑइल वर उडते, आणि रॉकरकडून परतणारे ऑइल वरून ठिबकते. अँबेसेडरमध्ये रॉकरशाफ्टवरून सांडलेले ऑइल पुशरॉडच्या वाटेने खाली उतरून टॅपेट भिजवते.

यावरून दोन निष्कर्ष निघतात. पहिला असा की प्रेशर गेजचा काटा पाहून कॅमची खात्री करता येत नाही. काटा उत्तम दाखवील आणि लोब कोरडा राहील. दुसरा असा की इंजिन जितके हळू फिरेल तितके कमी ऑइल उडेल. आपण समजतो, नव्या इंजिनाला रेस देऊ नये, त्याला आरामात आयडलवर चालू द्यावे. रिंगांविषयी काय म्हणायचे ते म्हणा, पण नव्या कॅमसाठी आयडल हे जहर आहे. व्हॉल्व्हची स्प्रिंग आयडलवरही तितक्याच जोराने दाबत असते आणि लोबच्या टोकावर तो सगळा भार एका बारीक रेघेवर येतो. तेथील दाब दर चौरस इंचाला लाख पौंडांच्या पुढे जातो.

एवढ्या दाबाखाली टॅपेट टिकतो तो गोल फिरतो म्हणून. वरवर सपाट दिसणारा त्याचा तळवा खरे तर मध्ये किंचित फुगीर असतो. लोबही एका बाजूला इंचाच्या एक-दोन हजारांश भागाने उतरता घासलेला असतो, आणि टॅपेटचा मध्य लोबच्या मध्यावर नसून जरा बाजूला असतो. या तीन गोष्टींमुळे प्रत्येक फेऱ्यात टॅपेट थोडा थोडा फिरत राहतो आणि झीज एका जागी साचत नाही. फिरायचा थांबला की काही मिनिटांत लोब त्यात खोबण पाडतो. मग कोणतेही ऑइल घाला.

म्हणून कॅम ग्राइंडिंग करणाऱ्या बांधवांना आमची विनंती आहे. घासून दिलेल्या लोबला मूळचा उतार राहिला आहे का ते पाहा. बऱ्याच ठिकाणी लोब सरळ घासून देतात. दिसायला तो अधिक चकाकतो, पण टॅपेटला फिरवीत नाही. नव्या कॅमवर फॉस्फेटचा काळपट थर दिलेला असतो. तो ऑइल धरून ठेवतो आणि ग्राइंडिंगमध्ये निघून जातो. तो पुन्हा देण्याची सोय असेल तर द्यावा. नसेल तर गिऱ्हाइकाला तसे सांगावे.

जुना टॅपेट, नवा कॅम

इम्पालाच्या मिस्त्रींची पहिली चूक येथे झाली. सोळा टॅपेटपैकी सहा त्यांनी जुने वापरले, कारण संच पुरा मिळत नव्हता आणि जुने हाताला गुळगुळीत लागत होते. जुन्या टॅपेटचा फुगवटा झिजलेला असतो. तो आपल्या जुन्या लोबबरोबर अजून वर्षानुवर्षे चालेल, कारण दोघे एकमेकांच्या अंगवळणी पडलेले असतात. पण नव्या किंवा घासलेल्या कॅमवर तो घातला की लोब गेलाच म्हणून समजा. इंजिन उघडून तोच कॅम परत घालायचा असेल तर प्रत्येक टॅपेट ज्या घरातून काढला त्याच घरात गेला पाहिजे. पुठ्ठ्याला भोके पाडून नंबर टाका आणि त्यांत टॅपेट उभे करा.

फुगवटा तपासायला यंत्र लागत नाही. एका टॅपेटचा तळवा दुसऱ्या टॅपेटच्या सरळ बाजूवर टेकवा आणि उजेडाकडे धरा. चांगला टॅपेट मध्ये टेकेल, कडांना उजेडाची बारीक फट दिसेल आणि तो किंचित डुलेल. उजेड मध्यातून आला तर टॅपेट भंगारात टाका.

भंगारात म्हणजे भंगारातच. जुन्या भागांच्या बाजारात असे टॅपेट पॉलिश करून, ऑइल लावून, कागदात गुंडाळून नवे म्हणून विकले जातात हे आपण सगळे जाणतो. मालातला ऐब सांगून विकावा ही शिकवण आपल्याला घरातून मिळाली आहे. जुना माल जुना म्हणून विकणे हा चोख व्यापार आहे, आणि त्याला गिऱ्हाईक आहे. परंतु तळवा घासून सपाट केलेला टॅपेट नवा म्हणून विकणाऱ्याला बहुधा हेही ठाऊक नसते की आपण दोन-चारशे रुपयांच्या नफ्यासाठी समोरच्या कारागिराचे सगळे इंजिन बसवीत आहोत.

टॅपेट आपल्या घरात बोटाने सहज फिरतो का, तेही पाहावे. घराला गंज किंवा जळक्या ऑइलचा चिकट थर असेल तर बाकी सर्व ठीक असूनही तो फिरणार नाही.

महागडे ऑइल, चुकीचे ऑइल

आता ऑइलवाल्याचे खरे बोलणेही कसे अपुरे होते ते पाहू.

लोबच्या टोकावर ऑइलचा थर दाबाने फाटतो. तेथे लोखंड लोखंडाला भिडू नये म्हणून ऑइलमध्ये जस्त आणि फॉस्फरस यांचे एक संयुग घालतात. तिकडे त्याला झेडडीडीपी म्हणतात. आपल्याकडे नुसते झिंक म्हटले तरी ऑइलवाले समजतात. १९४० च्या दशकापासून ते इंजिन ऑइलमध्ये आहे. घर्षणाने आणि उष्णतेने त्याचा काचेसारखा पातळ थर धातूवर जमतो. झिजतो तो थर, आणि पुन्हा जमतो. सपाट टॅपेटचे आयुष्य या थरावर आहे.

मध्ये अडचण आली ती कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची. फॉस्फरस थोडाथोडा जळून सायलेन्सरच्या वाटेने जातो आणि कन्व्हर्टर निकामी करतो. अमेरिकेत कन्व्हर्टर १९७५ च्या मॉडेलपासून आले. आपल्याकडे १९९५ मध्ये चार महानगरांतील नव्या पेट्रोल गाड्यांना ते लागू झाले. त्यामुळे पेट्रोल गाड्यांच्या ऑइलमधील फॉस्फरस टप्प्याटप्प्याने कमी करण्यात आला. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला कमाल मर्यादा ०.१२ टक्के होती. १९९६ च्या एसजे ग्रेडला ती ०.१० टक्के झाली आणि २००४ च्या एसएम ग्रेडपासून ०.०८ टक्के. नव्या गाड्यांत रोलर असतात किंवा कॅमवरचा भार कमी असतो. त्यांचे यात काही बिघडत नाही. बिघडते ते जुन्या इंजिनाचे, विशेषतः ज्यांत ताकद वाढविण्यासाठी उंच लिफ्टचा कॅम आणि कडक स्प्रिंगा घातल्या आहेत त्यांचे.

म्हणजे डब्यावरचे एपीआयचे अक्षर जितके पुढचे तितके ऑइल चांगले, हा दुकानदारांचा हिशेब येथे उलटा पडतो. इम्पालात गेले होते ते ५डब्ल्यू-३० जाडीचे, अगदी नव्या ग्रेडचे ऑइल. नव्या गाडीला उत्तम, या इंजिनाला नाही.

येथे एक बारकावा दुकानदारांनी जरूर लक्षात ठेवावा. फॉस्फरसची ही कमाल मर्यादा ५डब्ल्यू-३०, १०डब्ल्यू-३० अशा पातळ ऑइलला आहे. २०डब्ल्यू-५० किंवा १५डब्ल्यू-४० ला ती लागू नाही. परंतु मर्यादा नाही म्हणजे झिंक भरपूर आहे असा अर्थ होत नाही. कंपन्या आपल्या ऑइलची माहितीपत्रके काढतात. त्यांतले फॉस्फरसचा आकडा देणारे मागवून दुकानात ठेवावे. सपाट टॅपेटला ०.१० ते ०.१२ टक्के, कडक स्प्रिंगांच्या इंजिनाला त्याहून किंचित अधिक, असा आकडा शोधावा. आपल्या हवेत अशा इंजिनांना २०डब्ल्यू-५० बहुधा ठीक बसते. नुकत्याच बांधलेल्या, घट्ट बेअरिंगच्या इंजिनाला १५डब्ल्यू-४० द्यावे.

ट्रकचे डिझेल ऑइल घालावे का, असे अनेकजण विचारतात. २००२ च्या सीआय-४ ग्रेडच्या ऑइलमध्ये झिंक चांगले असे, म्हणून ही पद्धत पडली. २००६ च्या सीजे-४ पासून डिझेल ऑइललाही फॉस्फरसची मर्यादा आली, पण ती ०.१२ टक्के आहे, म्हणजे पेट्रोलच्या पातळ ऑइलपेक्षा मोकळी. आमच्या मते साध्या स्प्रिंगांच्या अँबेसेडर-पद्मिनीला चांगले १५डब्ल्यू-४० डिझेल ऑइल चालून जाते. मात्र त्यात साबणासारखी मळ काढणारी द्रव्ये जास्त असतात आणि तीही धातूवर जागा मिळविण्यासाठी झिंकशी झगडतात. म्हणून नव्या कॅमच्या पहिल्या अर्ध्या तासासाठी ते पहिल्या पसंतीचे नाही.

झिंकच्या बाटल्या विकणाऱ्यांना येथे आनंद होण्याचे कारण नाही. फॉस्फरस ०.१४ टक्क्यांच्या पुढे नेल्यास दीर्घकाळात झीज वाढते, आणि ०.२० च्या पुढे ते लोखंडालाच खाऊ लागते, लोबच्या पृष्ठभागाचे टवके निघतात, असे जनरल मोटर्सच्या इंजिनिअरांनी नोंदवले आहे. आधीच पुरे झिंक असलेल्या ऑइलमध्ये बाटली ओतणे म्हणजे पैसे देऊन दुखणे घेणे. कन्व्हर्टरच्या गाडीत तर ती घालूच नये. राहिला जुन्या डब्यांत भरलेल्या बनावट ऑइलचा प्रश्न. त्यावर लिहावे तितके थोडे, आणि रिकामा डबा फोडून टाकणे एवढाच उपाय गॅरेजवाल्याच्या हातात आहे.

पहिला अर्धा तास

कॅम टिकणार की जाणार याचा निकाल बहुतेक वेळा पहिल्या वीस-तीस मिनिटांत लागतो. झिंकचा थर अजून जमलेला नसतो, लोब आणि तळवा एकमेकांना अनोळखी असतात.

बसविताना प्रत्येक लोबला आणि टॅपेटच्या तळव्याला मॉलिब्डेनमची काळी पेस्ट लावावी. टॅपेटच्या अंगाला मात्र साधे ऑइलच, पेस्ट नको, नाहीतर तो घरात फिरायला कुरकुरतो. कॅमबरोबर डबल स्प्रिंगा असतील तर आतली स्प्रिंग काढून ठेवावी आणि कॅम रुळल्यावर घालावी. हे काम कंटाळवाणे आहे, पुन्हा हेडवर हात घालावा लागतो, म्हणून बहुतेक लोक टाळतात. जे करतात त्यांचे कॅम टिकतात.

सेल्फ मारण्यापूर्वी ऑइल सर्वत्र पोहोचले पाहिजे. शेव्हरोलेमध्ये डिस्ट्रिब्युटर काढून त्याच्या भोकातून ड्रिल मशीनने पंप फिरविता येतो. रॉकरवर ऑइल दिसेपर्यंत फिरवावा. अँबेसेडरमध्ये पंप कॅमशाफ्टवरच चालतो, तेथे ही सोय नाही. म्हणून पंप बसवितानाच ऑइलने भरावा, फिल्टर भरावा, प्लग काढून अगदी थोडा वेळ सेल्फ मारून काटा उठला की थांबावे. टायमिंग, पेट्रोल, पाणी आधीच असे जुळवावे की इंजिन पहिल्या झटक्यात सुरू होईल. घर्र घर्र करीत राहणारे सेल्फ पेस्ट पुसून टाकते.

सुरू होताच लगेच रेस दोन हजारांच्या आसपास न्यावी आणि पंधराशे ते अडीच हजार यांच्यामध्ये वर-खाली करीत वीस ते तीस मिनिटे ठेवावी. आयडलवर आणू नये. पाणी तापले किंवा गळती दिसली तर आयडलवर ठेवून शोध घेऊ नका. इंजिन बंद करा, दोष काढा, पुन्हा सरळ दोन हजारांवर सुरू करा. इम्पालाचे मिस्त्री तेथेच फसले. कार्ब्युरेटरचे सूर जुळवीत त्यांनी तासाभराहून अधिक वेळ इंजिन आयडलवर ठेवले होते. जुम्याची वेळ जवळ आली असेल तर इंजिन सुरूच करू नये, नमाजनंतर निवांत करावे. हे काम पोऱ्याच्या हवाली करून जाण्यासारखे नाही.

त्या अर्ध्या तासानंतर ऑइल आणि फिल्टर बदलावे. फिल्टर कापून घडी उलगडून पाहावी. पेस्टचा काळेपणा आणि थोडी बारीक भुकटी चालेल. चमकत्या कणांचा ढीग असेल तर गाडी बाहेर सोडू नये. चेंबरच्या नटला लोहचुंबक लावलेला असला तर उत्तम.

ऑइल वाढवायचे ते कसे

दमदार इंजिनांचे शौकीन कधीकधी आपल्याच हाताने कॅम कोरडा करतात. क्रँकवर ऑइल ठिबकून ताकद जाऊ नये म्हणून टॅपेटच्या दरीतली परतीची भोके बंद करतात किंवा त्यांत उंच नळ्या बसवितात. क्रँकखाली पत्रा लावून ऑइलचे उडणेही कमी करतात. शर्यतीत सतत सहा हजारांवर चालणाऱ्या इंजिनाला ते ठीक असेल. सिग्नलला उभ्या राहणाऱ्या गाडीत यामुळे कॅमचे दाणापाणी तुटते. अशी भोके बंद दिसली तर मालकाशी बोलून उघडावीत.

शेव्हरोलेसारख्या इंजिनात टॅपेटच्या घरांना गॅलरीतून दाबाचे ऑइल मिळते. तेथे घराच्या खालच्या भिंतीला, लोबच्या बाजूने, केसासारखी उभी खाच काढली तर ऑइलची बारीक धार सरळ लोबवर पडते. तिकडे यासाठी खास हत्यार मिळते. तळव्याला सुईसारखे भोक असलेले टॅपेटही मिळतात. खाच इंचाच्या दहा-बारा हजारांश भागाहून खोल जाऊ देऊ नये, नाहीतर प्रेशर पडेल. अँबेसेडरच्या टॅपेटला गॅलरीचे ऑइल नाही, तेव्हा तेथे हा उद्योग व्यर्थ आहे. तेथे लक्ष द्यायचे ते रॉकरशाफ्टकडे. शाफ्टची दोन्ही टोके उघडून आतला काजळीचा चिखल तारेने काढावा, भोके मोकळी करावीत. रॉकरला ऑइल मिळाले तरच खाली टॅपेटला मिळते. पुष्कळदा कॅम खाण्याचे मूळ इतके साधे असते.

इम्पाला पुन्हा बांधली तेव्हा मिस्त्रींनी सोळाही टॅपेट नवे घेतले, एकेक उजेडाला धरून पाहिला. एका घरातला गंज निघाला. ते घर बारीक घासून साफ केले. भुकटी गेलेली बेअरिंगे बदलली. ऑइल १५डब्ल्यू-४० घातले, फॉस्फरसचा आकडा माहितीपत्रकात वाचून. पुशरॉडवर पांढऱ्या रंगाच्या खुणा केल्या आणि दोन हजारांवर अर्धा तास काढला. मग क्षणभर रॉकर कव्हर उघडून पाहिले. ऑइल अंगावर उडाले, पण सोळाही खुणा गोल फिरत होत्या.

महिन्याने त्यांनी डायल गेज लावून प्रत्येक लोबची उंची मोजली आणि आकडे मालकाच्या बिलामागे लिहून दिले. पहिल्या दिवशी मोजलेले आकडे त्याच कागदावर वर होते. दोन्ही रांगा जुळल्या.